नवरदेवाची गाडी मागं घ्याची नसते

२ एप्रिल, बुधवार

रिव्हर्स शेषराव!

हे माझं नाव ठेवलं त्या गोविंदानं. नांदुऱ्याच्या स्टँडसमोर, भर हाटेलात, लोकांच्या देखत. "या या, रिव्हर्स शेषराव! बसा, पन मागं सरकू नका बरं!" अन् सगळे खी खी करून हसले. चहावाला बी हसला. ज्याले मी क्लच कसा सोडाचा ते शेजारी बसून शिकवलं, तो हा गोविंदा! नवी कोरी सात सीटची गाडी काय घेतली, जिभेले हाडच नाही राह्यलं. मी चहा तसाच टाकून उठलो.

घरी येऊन थोडी आदळआपट केली तं पूनमनं ही वही हाती दिली. पोरगी माझी मोताळ्याच्या शाळेत शिकवते, वह्यांले तोटा नाही. "बाबा, राग यात काढा. आईवर काढू नका." म्हणजे मी हिच्या आईवर राग काढतो! मी! बरं. काढतो यात.

काय झालं ते एकदाचं लिहून टाकतो. मिसरूड फुटलं तेव्हापासून मी नवरदेवाची गाडी चालवतो. आधी जीप होती, आता ही पांढरी. जुनी आहे, डिझेलची आहे, पण फुलं लावली की अजून बी नवरीसारखी दिसते. अन् आमच्या इकडं एक रीत आहे— नवरदेव गाडीत बसला, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फुटला, की गाडी मागं घ्याची नाही. रिव्हर्स टाकाचाच नाही. म्हणून मी गाडी आधीच रस्त्याकडं तोंड करून लावतो, अन् मांडवाच्या दारात सरळ नेऊन उभी करतो. नवरदेव उतरला की मंग काय मागं-पुढं कराचं ते करा. गाडी मागं आली तं संसार मागं येते म्हणतात म्हातारे लोकं. आजवर एक नवरदेव मी मागं आणला नाही.

अन् या माघात आणला. राजूर घाटात. समोर कापसाच्या गठाणीचा ट्रक वळणावर उभा राह्यला. मी बी उभा राह्यलो. ट्रक हालला, मी गेर टाकला, क्लच सोडला— अन् पांढरीनं श्वासच घेतला नाही! बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. अन् मागं सरकली. वरात मागं उभी, गाड्यांचे हॉर्न, बँडवाले टेम्पोतून वाकून पाहून राह्यले. कोणीतरी धावत येऊन चाकाखाली दगड टाकला. नवरदेवाचा आजा खाली उतरला अन् म्हणाला, "नवरदेव काढा याच्या गाडीतून."

काढला. भर घाटात. अन् गोविंदाच्या गाडीत बसवला. फेटा सांभाळत तो पोट्टा माझ्या समोरून गेला अन् मी स्टेअरिंग धरून बसलो होतो. तेव्हापासून लग्नाची एक सुपारी आली नाही.

३ एप्रिल

रंगराव आले होते. सरकीवाले. त्यांच्या लग्नात नवरदेव मीच नेला होता, जीपमधून, साखरखेर्ड्याले. आता त्यांचा शिवम नवरदेव. मुहूर्त अक्षय तृतीयेचा. नवरी बी साखरखेर्ड्याचीच, अन् रस्ता तोच— मोताळा, राजूर घाट, बुलढाणा, चिखली.

ओट्यावर बसून लय वेळ पानच चघळलं त्यांनी. मंग म्हणाले, "शेषराव, घरचे गोविंदाले सांगा म्हणून राह्यले. मी म्हन्लं, नाही. मले ज्यानं नेलं, तोच माह्या पोराले नेईन. पन घाटात जर..."

म्हटलं, "येत नाही मागं. शब्द आहे."

शब्द तं देऊन बसलो. गाडीत दम नाही. दम आणा लागते.

५ एप्रिल

इंजिनाची ताकद वाढवून देणारे नांदुऱ्यात किती निघाले बाप्पा! काल पावेतो हे सीट कव्हर अन् पायपुसणे विकत होते.

पहिल्यानं एक डबी दाखवली. आगपेटीएवढी. म्हणे, "स्टेअरिंगखाली खोसा, पंधरा-वीस घोडे वाढतात." घोडे! त्या डबीत झुरळ बी मावणार नाही. म्हटलं, "आतमध्ये काय आहे?" म्हणे, "चिप आहे." "ती काय करते?" "पावर वाढवते." "कशी?" तं तो माझ्याकडं असा पाहते जसा मीच येडा. उघडून दाखव म्हटलं तं राग आला त्याले. उघडत नाही तं मी घेत नाही!

दुसऱ्यानं मोठं सायलेन्सर दाखवलं. गोविंदानं असलंच लावलं आहे. फाडफाड आवाज करते, कुत्रे मागं लागतात. आवाज म्हणजे ताकद काय? तसं असतं तं आमच्या गल्लीतल्या झुंबरबाईनं आगगाडी ओढली असती.

तिसऱ्यानं स्टिकर दाखवलं. मी दुकानातूनच उठलो.

६ एप्रिल, रविवार

पूनम दिवसभर मोबाइलवर व्हिडिओ पाहून राह्यली. मी नाही म्हणत होतो, पण मंग मी बी पाह्यले. ही पोरगी बोलते बरोबर, फक्त मास्तरणीसारखी बोलते त्याचा राग येते.

"बाबा, साधं आहे. इंजिनमध्ये हवा जास्त गेली पाहिजे, हवेच्या मापात डिझेल गेलं पाहिजे, अन् धूर मोकळा बाहेर निघाला पाहिजे. जो सामान विकणारा याच्यातलं काहीच करत नाही, तो आपल्याले उल्लू बनवते."

म्हटलं, "हे मले तू सांगतेस? तुले गाडी कोणी शिकवली?"

"तुम्हीच. अन् हँडब्रेक लावू नको हे बी तुम्हीच शिकवलं. ते मी सोडून दिलं."

आता हिले काय सांगाव! चढावर गाडी पायावर धराची असते. अर्धा क्लच, थोडी रेस, अन् गाडी जागच्या जागी गुरगुरत उभी. हँडब्रेक शिकाऊ लोकांसाठी असते. नवरदेवाच्या गाडीत मी हँडब्रेक ओढला तं लोकं काय म्हणतीन?

शेवटी ठरलं. बुलढाण्याले चिखली रोडवर कोणी प्रसेनजित म्हणून आहे, शिकलेला पोरगा, लॅपटॉपवर गाड्या दुरुस्त करते. पूनमच्या शाळेतल्या समता मॅडमचा भाऊ. त्याच्याकडं जाचं. पण काय लावाचं, काय नाही, हे मी ठरवीन! गाडी माझी आहे.

८ एप्रिल

आज जे झालं ते कोणाले सांगू नये असं आहे.

प्रसेनजितनं बोनट उघडलं. पोरगा तिशीचा, दाढी कोरलेली, हातात बॅटरी. इकडून पाहे, तिकडून पाहे. मंग समोरच्या हवेच्या नळीच्या तोंडात दोन बोटं घातली अन् ओढलं. लाल कापड! त्याची पुडी. आतमध्ये तांदूळ, सुपारी, हळकुंड अन् एक रुपया.

"काका, हे काय?"

मी काय सांगू कपाळ! दसऱ्याले माझ्या बायकोनं, विमलनं, गाडीची पूजा केली तेव्हा तिनं ते देवीचं "गाडीच्या पोटात" ठेवलं. तिले वाटलं ती जागा देवळीसारखी आहे. इंजिनाचं नाक आहे ते! दसऱ्यापासून माझी पांढरी नाकात बोळा घालून घाट चढून राह्यली होती!

प्रसेनजित हसला नाही, एवढं बरं. पुडी माझ्या हातात दिली, म्हणाला, "घरी देवघरात ठेवा. अन् काकूले काही बोलू नका."

बोललो. घरी पाय टाकल्या टाकल्या बोललो. तिनं बी ऐकून घेतलं नाही. "देवीचं ठेवलं म्हनून जिते आहा! गाडीची काळजी आहे, जिवाची नाही. शुगरची गोळी तीन दिवसांची तशीच पडली तिकडं, ते दिसत नाही तुमाले!"

गोळीचा इथं काय संबंध? सांगा मले कोणी!

९ एप्रिल

विमल बोलत नाही. मी बी नाही.

११ एप्रिल

पुन्हा बुलढाणा. पूनम सुट्टी टाकून सोबत आली. प्रसेनजितनं खुर्च्या टाकल्या अन् काय काय होऊ शकते ते सांगतलं. आता त्याच्या तोंडून ऐकलं तसं लिहितो, नाहीतर उद्या तो म्हणीन, मी असं बोललोच नव्हतो.

पुडी काढली, हवा मोकळी झाली. आता चांगलं फिल्टर टाकाचं. मंग रीमॅप. म्हणजे गाडीच्या आत एक छोटा कॉम्प्युटर असते, किती डिझेल द्याचं अन् टर्बोनं किती फुंकाचं हे तो ठरवते. कंपनीनं त्याले जपून वागाले सांगितलं असते. हा पोरगा लॅपटॉप लावून त्याले थोडी मोकळीक देते. त्याले स्टेज वन म्हणतात. स्टेज टूमध्ये पुढची मोठी जाळी येते— टर्बोची गरम हवा थंडी करणारी— अन् धुराचा मोठा पाइप.

"अन् स्टेज थ्री?" म्या विचारलं.

"स्टेज थ्रीमध्ये काका, तुमी नवरदेवाले घेऊन सरळ हेलिकॉप्टर घ्या. या वयाच्या इंजिनाले ते झेपनार नाही."

पोट्टं आगाऊ आहे. पण खरं बोलते. मी म्हटलं, धूर कमी करणारा तो वाल्व बंद करून देतात म्हणे, त्यानं बी ताकद वाढते. गोविंदानं केलं आहे. तं हा उठूनच उभा राह्यला. "ते मी करत नाही. पीयूसीत बसत नाही, अन् मागच्या मानसाच्या छातीत जाते ते. ज्याच्याकडून कराचं त्याच्याकडून करा." मले राग यायले पाहिजे होता. नाही आला.

पूनम म्हणे, क्लच आधी बदला. ताकद वाढली अन् क्लच जुना, तं क्लच घसरन. प्रसेनजित म्हणे, "ताई बरोबर बोलतात." मी म्हटलं, क्लच चांगला आहे, माझ्या हातचा आहे. दोघं बी एकमेकांकडं पाहून गप्प झाले. असं गप्प झालेलं मले चालत नाही! म्हटलं, बदला! फिल्टर, रीमॅप स्टेज वन, अन् नवा क्लच. पाइप नाही, जाळी नाही. विम्यावाल्याले काय कळवाचं ते पूनम पाहीन. ठरलं. अन् मी ठरवलं.

एक सांगतो. दिवसभर त्या पोरानं पाना हाती धरला तो फक्त क्लचसाठी. बाकी सगळं खुर्चीवर बसून, टकटक टकटक. आमच्या वेळी इंजिन सुधरवाचं म्हणजे चार दिवस कोपरापर्यंत काळं होणं. याचे नखं माझ्या पोरीपेक्षा साफ!

१४ एप्रिल

गाडी आणाले निघालो अन् मोताळ्यात ध्यानात आलं— आज जयंती! गॅरेज कुठलं उघडं राहते? तसाच बुलढाण्याले गेलो. प्रसेनजित निळा फेटा बांधून मिरवणुकीत होता, ढोलावर नाचून राह्यला होता. मले पाहून बाहेर आला अन् ओढतच घरी घेऊन गेला. त्याच्या आईनं, अन्नपूर्णाबाईनं, पोटभर जेवू घातलं, वरून खीर. खीर खाल्ली म्हणून घरी सांगणार नाही.

गाडीची चावी मात्र दिली नाही. "उद्या काका. आज लॅपटॉप बी सुट्टीवर आहे."

१६ एप्रिल

पांढरी घरी आली. पूनमनं आणली. मी आणणार होतो, पण अन्नपूर्णाबाईचा जावई इकडं आला होता, त्यानं परत जाताना तिले शाळेपासून सोबत नेलं, अन् मी इथं वाट पाहत बसलो.

गाडीतून उतरली तं डोळे असे चमकून राह्यले पोरीचे! "बाबा! उडते गाडी! घाटात तिसऱ्या गेरमध्ये चढली, उतरताना नाही, चढताना! मी मुद्दाम फिरून पुन्हा वर गेली."

तीन वर्षांची असताना जत्रेत घोड्यावर बसवली होती तेव्हा अशी झाली होती. मले बी बरं वाटलं. विमल बाहेर आली, तिनं पांढरीले कुंकू लावलं अन् माझ्याकडं पाहून म्हणाली, "आता कुठी काही कोंबत नाही मी." बोलली एकदाची.

१७ एप्रिल

फसवणूक!

आज मी स्वतः चालवली. मोताळ्यापर्यंत गेलो, पुढं घाट बी चढून आलो. कुठं उडते? कोणती उडते? तीच म्हातारी, तशीच दमा लागल्यासारखी. चढावर दुसरा गेर, मंग पहिला. मागची एसटी हॉर्न वाजवून वाजवून बाजूनं निघून गेली. एसटी! पॅसेंजर खिडकीतून पाहून राह्यले.

वरून आणखी एक. घाटातल्या हाटेलात चहा प्यालो, गाडीजवळ आलो, तं उजव्या पायातली चप्पल गायब! डावी आहे, उजवी नाही. एकच चप्पल चोरणारा चोर पाह्यला काय कोणी? हाटेलवाल्याशी भांडलो. तो म्हणे, "बावाजी, तुमच्या मागं रस्त्यावर पडली असन." मागं पाह्यलं तं होती बी, वीस पावलांवर. कोणीतरी उचलून तिथं टाकली. लोकांले काही कामधंदे नाही.

मी तसा बी गाडी अनवाणीच चालवतो. नवरदेवाच्या गाडीत चप्पल घालून कोण बसते?

१९ एप्रिल

रात्रभर विचार केला. प्रसेनजितनं घरी जेवू घातलं ते उगाच नाही. खीर खाऊ घालून माणसाले गप्प करतात.

२१ एप्रिल

बुलढाण्याले जाऊन तोंडावर सांगतलं. "तू लॅपटॉप लावला तो दाखवाले लावला. काही केलं नाही."

त्यानं चावी घेतली, मले बाजूले बसवलं, घाटात खाली नेलं, अन् फिरवून वर आणलं. भाऊ! पाठ सीटले चिकटली माझी. ट्रक मागं टाकला, दुसरा टाकला. वळणावर मुद्दाम उभी केली, पुन्हा उचलली, एक बोट मागं सरकली नाही.

"आता तुमी चालवा, काका."

मी बसलो. अन् बसली गाडी! तीच! माझ्या बुडाखाली आली की बैलासारखी बसते. अशी बेइमान गाडी मी जन्मात पाह्यली नाही. ज्यानं हिले एवढे वर्षं धुतलं, पुसलं, जो हिच्यासाठी भांडला, त्याच्या हाती ही मरते, अन् काल आलेल्या पोट्ट्याच्या हाती नाचते!

प्रसेनजित माझ्याकडं पाहत होता. गाडीकडं नाही, माझ्याकडं. म्हणाला, "काका, तब्येत बरी आहे ना?" म्हटलं, माझ्या तब्येतीले काय धाड भरली? तू गाडी पाहाय!

म्हटलं, आता ती जाळी बी लाव. अन् पाइप बी लाव. स्टेज टू. तो नाही म्हणत होता. "गरज नाही काका, खरंच सांगतो." गिऱ्हाइकानं मागितलं अन् दुकानदार नाही म्हणते, हा कोणता धंदा? लावच म्हटलं.

२३ एप्रिल

गोविंदा दारावरून गेला. हॉर्न वाजवला. तो रिव्हर्सचा टींव टींव आवाज असते ना, तोंडानं काढला.

२५ एप्रिल

जाळी लागली, पाइप लागला. पूनम म्हणते आता तिले भीती वाटते एवढी ताकद झाली. मी चालवली. थोडा फरक आहे. थोडा. मोठा टर्बो असता तं झालं असतं.

विमल म्हणते, "चालवाले पूनमले सांगा ना." असं सहज, भाकरी उलटवत उलटवत. म्हटलं, काय बोलली? तं म्हणे, "पोरगी चांगली चालवते. तुमी बाजूले बसा, फेटा बांधून."

मी उठून बाहेर आलो. रंगराव माझ्याकडं आले होते. शब्द मी दिला. लोकं काय म्हणतीन— घाट चढवता येत नाही म्हणून पोरगी आणली! त्यापेक्षा गोविंदाची गाडी परवडली.

२८ एप्रिल, सोमवार

परवा लग्न. आज पक्की परीक्षा घेतली. नवरदेव, करवली, मामा, पोरंसोरं जेवढे बसतात तेवढ्या वजनाचे सरकीच्या ढेपेचे पोते रंगरावच्या गोदामातून भरले. पूनम मागं पोत्यांमध्ये दाटीवाटीनं बसली. प्रसेनजित राजूरपाशी चढला, लॅपटॉप मांडीवर, तार स्टेअरिंगखाली खोसलेली.

पहिलं वळण झालं. दुसरं झालं. जिथं माघात फजिती झाली तिथं मी मुद्दाम थांबलो. इथूनच उचलाची, म्हटलं. गाडी पायावर धरली. निदान मले वाटलं धरली. क्लच सोडला, रेस दिली, पूर्ण दिली, जोर लावून दिली— बंद! अन् मागं. पूनमनं मागून हात लांबवून हँडब्रेक ओढला. पोरीनं माझ्या हाताखालून हँडब्रेक ओढला.

नंतर तिनं चालवली. त्याच जागेवरून. तेच पोते. अशी गेली जसे पोते नाहीच.

वर आल्यावर मी प्रसेनजितले बोलाले सुरुवात केली. मोठा टर्बो काऊन नाही बसवला म्हटलं, तू मले बुडवलं म्हटलं, तुझ्या लॅपटॉपले आग लाव म्हटलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मंग हळूच म्हणाला, "काका, रागावू नका. याच्यावर दिसते. पूनमताईचा रेसवरचा पाय पूर्ण खाली जाते. तुमचा निम्म्यावरच थांबते. दर वेळी. मले आधीच वाटत होतं, पन बोलाले जीभ नाही उचलली."

मी! निम्म्यावर! अरे, माझा गुडघा दुखून आला दाबून दाबून! मले रेस कुठं आहे ते सांगते हा! त्या यंत्रात बिघाड आहे, अन् यंत्रापेक्षा जास्त याच्या डोक्यात बिघाड आहे. खाली उतरलो, दार आपटलं, अन् रस्त्याच्या कडेनं तसाच अनवाणी चालत सुटलो. पूनम गाडी हळूहळू मागं आणत राह्यली, "बाबा बसा, बाबा ऊन आहे, पाय भाजतीन." मले काही भाजत नव्हतं. लय दूर गेल्यावर बसलो.

शब्द दिला आहे मी. परवा मीच चालवीन. काय व्हाचं ते हो.

२९ एप्रिल, सकाळी

विमल आंगणातून ओरडली— हे रक्त कोनाचं? खाटेपासून मोरीपर्यंत डाग. माझ्याच उजव्या पायाचे होते. टाचेत बाभळीचा काटा, आख्खा, कालपासून. पूनमनं चिमट्यानं ओढून काढला. मी पाहत होतो म्हणून कळलं.

मंग ती म्हणाली, "बाबा, डोळे मिटा. मी पायाचं कोन्तं बोट धरलं?"

म्हटलं, अंगठा.

डोळे उघडले तं तिनं करंगळी धरली होती, चांगली घट्ट, अन् रडत होती.

चावी तिच्याजवळ दिली. रंगरावले फोन मीच करतो.